नायट्रेटची गोळी सुरू आहे तरी बाबांच्या छातीत पुन्हा दुखतं, गोळीची सवय होते का? अनुभव असलेल्यांनी सांगा

धुऱ्यावरची_बाभूळ
राम राम मंडळी. थोडं लांब लिहितो, सगळं सांगतल्याशिवाय समजणार नाई. बाबांचं वय ६४, दारव्हा तालुक्यात आमचं पाच एकर वावर, कापूस आन् तूर. दिवाळीच्या आधी वेचणी सुरू होती, कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन धुऱ्यानं येऊन राह्यले होते तं मधातच थांबले. गाठोडं खाली टाकलं आन् छातीवर हात ठेवून खालीच बसले. म्हणे छातीवर कोनं पाटा ठेवल्यासारखं वाटून राह्यलं, डावा हातही भरून आला. पाच मिनिटं बसले का बरं. आम्हाले वाटलं गॅस. मंग तेच चार-पाच डाव झालं, जेवून लगेच चाललं का, पहाटे थंडीत बैल सोडाले गेलं का, बंडीत कापूस भरताना.

यवतमाळले ईसीजी, टूडी इको झालं, मंग नागपूरले अँजिओग्राफी. दोन नळ्यांत ब्लॉकेज निघालं. एकीत स्टेंट टाकला, योजनेतून झालं, पैसे लागले नाई. दुसरी नळी बारीक आहे, तिच्यात स्टेंट बसत नाई म्हणे, तिले औषधावरच ठेवायचं. गोळ्या अशा: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोरवास्टॅटिन, मेटोप्रोलोल आन् मोनोट्रेट २० (हीच ती नायट्रेटची गोळी) दोन टाइम. त्याच्याशिवाय जिभेखाली ठेवाले सॉर्बिट्रेट ५.

पहिले सात-आठ दिवस डोकं लय दुखलं, कपाळावर घण मारल्यासारखं, पण छाती एकदम मोकळी. वावरात दोन चकरा मारल्या तरी काही नाई. मंग डोकं दुखणं थांबलं आन् हळूहळू छातीचं पुन्हा सुरू झालं. आता दिवस मावळताना ढोरं बांधाले गेले का दुखतेच. बाबा म्हणते, "गोळी अंगात मुरली, आता तिचा काही उपेग नाई." ते बंदच कराले निघाले होते, मी थांबवलं. पॉवर वाढवून घ्यायची का? डॉक्टरची तारीख अजून तीन आठवड्यांनी आहे आन् नागपूरची एक चक्कर म्हणजे पूर्ण दिवस जाते.

औषधवाला_वरुड
भाऊ, पॉवरचं नंतर. आधी दोन गोष्टी सांगा. गोळी किती वाजता देता, घड्याळाचा टाइम सांगा, नुसतं सकाळ-संध्याकाळ नको. आणि पट्टीवर २० च्या पुढे एसआर असं काही लिहिलं आहे का की साधी आहे?

धुऱ्यावरची_बाभूळ
साधी आहे, एसआर नाई लिहिलेलं. सकाळी ८ ले चहा-पोळी झाल्यावर आन् रात्री ८ ले जेवण झाल्यावर. आमच्या इकडच्या मेडिकलवाल्यानं पाकिटावर पेनानं १-०-१ लिहून देल्लं होतं, त्याच हिशोबानं देतो. एक डावही चुकलं नाई आमचं, मोबाईलवर अलार्म लावून देतो.

औषधवाला_वरुड
बहुतेक गडबड इथेच आहे. तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही तर मन लावून दिली. १-०-१ लिहिलं की आपण सगळे सकाळी-रात्री असंच समजतो, आणि बाकीच्या बहुतेक गोळ्यांना ते चालूनही जातं. या एका गोळीला चालत नाही.

बाबा म्हणतात ना गोळी मुरली, ते अगदी बरोबर बोलून राहिले. ही गोळी पोटात गेली की शरीरात तिच्यापासून नायट्रिक ऑक्साईड तयार होतो, त्यानं नसा सैल पडतात, मुख्य म्हणजे रक्त परत हृदयाकडे नेणाऱ्या शिरा. शिरा सैल झाल्या की हृदयाकडे एकदम येणारं रक्त कमी होतं, पंपावरचा भार उतरतो, त्याला ऑक्सिजन कमी लागतो, म्हणून दुखत नाही. हृदयाच्या स्वतःच्या नळ्याही थोड्या उघडतात. पण रक्तात नायट्रेट चोवीस तास सारखं राहिलं तर एक-दोन दिवसांतच नसांना त्याची सवय होते आणि त्या सैल पडायचं सोडून देतात. ८ आणि ८ दिली म्हणजे बारा-बारा तासांनी, मधात रिकामा वेळ राहतच नाही.

म्हणून साधी मोनोनायट्रेट दोन वेळची असली तर दोन गोळ्यांत साधारण ७ तासांचं अंतर ठेवतात. सकाळी ७ आणि दुपारी २, नाही तर ८ आणि ३. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काहीच नाही. तेवढ्या मोकळ्या वेळात नसा पुन्हा ताज्या होतात, सकाळची गोळी पुन्हा लागू पडते. एसआर म्हणजे सावकाश सुटणारी असती तर सकाळी एकच. ती फोडायची नाही, चावायची नाही, मोठी वाटली तरी.

टाइम स्वतःहून बदलू नका, डॉक्टरला फोन करून विचारा. बहुतेक जण फोनवर सांगतात. आणि बंद तर अजिबात करू नका, अचानक सोडली की दुखणं उलटून जास्त येऊ शकतं.

मोहफूल_८२
दादा, इंग्रजी गोळ्यांनी शरीराची सवय बिघडतेच. आमच्या मामाजींनी अर्जुनाच्या सालीचा काढा घेतला, सहा महिने झाले, ठणठणीत आहेत. गोळ्या सगळ्या सोडल्या.

सिस्टर_ताई
मामाजी बरे आहेत हे ऐकून खरंच बरं वाटलं, पण भाऊ, स्टेंट टाकलेल्या माणसाला गोळ्या सोडा असं कोणी सांगू नका हो, हात जोडते. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात एकवीस वर्षं नोकरी केली. स्टेंटवाल्यानं ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल मनानं सोडली तर स्टेंटमधेच रक्ताची गाठ होऊन जाते, आणि आपल्या गावातून नागपूर किती लांब ते तुम्हालाही माहीत आहे. काढा घ्यायचा असला तर डॉक्टरच्या कानावर घालून घ्या, पण गोळ्यांच्या जागी नको.

धुऱ्यावरची_बाभूळ, तुम्हाला एक विचारते. सॉर्बिट्रेट बाबा कशी घेतात? तुम्ही स्वतः पाहिलं का कधी घेताना?

धुऱ्यावरची_बाभूळ
ताई, तुम्ही विचारलं म्हून काल संध्याकाळी मुद्दाम संग गेलो. ढोरं बांधताना दुखलं, तं बाबांनी बंडीच्या साटीवर टेकून खिशातून चुन्याची डबी काढली, त्याच्यात गोळी, पट्टीतून काढून ठेवलेली, चुन्याचा पांढरा थर लागलेला. तोंडात खर्रा होता तो थुकला, गोळी तोंडात टाकली आन् वरतून लोटाभर पाणी पेले, उभ्या उभ्याच. मले पाहून काही बोलताच आलं नाई. एवढ्या दिवसांत आपण हे पाह्यलंच नाई याचं लय वाईट वाटलं.

सिस्टर_ताई
वाईट वाटून घेऊ नका. दहातले सात-आठ जण मी असेच पाहिले आहेत, कारण गोळी कशी घ्यायची हे पाच मिनिटं बसून कोणी सांगतच नाही. आता नीट ऐका आणि बाबांना बसवून सांगा.

आधी बसायचं. खाटेवर, धुऱ्यावर, कुठंही, पण बसायचंच. ही गोळी बीपी उतरवते, उभ्यानं घेतली तर चक्कर येऊन माणूस कोसळते. मग गोळी जिभेखाली ठेवायची आणि विरघळू द्यायची, गिळायची नाही, पाणी प्यायचं नाही. तोंड कोरडं असलं तर गोळीच्या आधी घोटभर पाण्यानं ओलं करून घ्या. गिळली की ती पोटातून लिव्हरकडे जाते, तिथंच तिचा बराचसा भाग खलास होतो आणि असर व्हायला उशीरही लागतो. जिभेखालून सरळ रक्तात जाते, दोन ते पाच मिनिटांत छाती सैल होते.

पाच मिनिटांत कमी झालं नाही किंवा वाढलं तर दुसरी ठेवा आणि त्याच वेळी १०८ ला फोन लावा. घाम फुटला, उलटी आली, जबड्यात-हातात कळ गेली तर पाच मिनिटंही थांबू नका. पंधरा मिनिटांत तीन गोळ्यांच्या वर नाही. "थोडं थांबून पाहू, सकाळी जाऊ" यात मी माणसं गेलेली पाहिली आहेत.

आणि खर्रा. मी यावर कोणाला टोमणे मारत नाही, सवय कशी लागते मला माहीत आहे, माझ्या घरात होती. पण तंबाखूनं नस आकसते आणि गोळीनं सैल होते. एकाच नळीला दोघं दोन बाजूंनी ओढून राहिले.

गुरुजी_पुसदकर
हा धागा वाचून मला माझ्या वडिलांची आठवण झाली, म्हणून लिहितो. वडील विहिरीचं ब्लास्टिंग करायचे. उन्हाळा लागला की गावोगाव विहिरी खोदायचं काम निघायचं, काळा पाषाण लागला की वडिलांना बोलावणं. सब्बल-घणानं छिद्र पाडायचं, त्यात जिलेटिनचा तोटा, वात लावायची आणि वर पळायचं. तोटे ते उघड्या हातानं कापायचे. घरी आले की डोक्याला गमचा करकचून बांधून अंगणात पडून राहायचे, आई कपाळाला सुंठ उगाळून लावायची. आणि आम्ही पोरांनी हेरलेली गोष्ट ही की पाच-सहा दिवसांच्या सुटीनंतर कामावर गेले की पहिल्या दिवशी डोकं फुटायचं, दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहीच नाही. पुन्हा आठ दिवस घरी बसले की पुन्हा पहिल्या दिवशी तेच.

पुढे वडिलांना हृदयाचा त्रास झाला, डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनची गोळी दिली, आणि पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "अरे, हे तर माह्या तोट्याचं डोकं हाय." मला तेव्हा वाटलं काहीतरी बोलून राहिले. नंतर वाचलं तर खरंच तीच वस्तू. त्या काळच्या जिलेटिनच्या तोट्यात नायट्रोग्लिसरीन असायचं, कातडीतून आणि श्वासातून अंगात जायचं. आताचे तोटे बहुतेक इमल्शनचे, त्यात ते नसतं.

इटलीच्या आस्कानिओ सोब्रेरो यांनी १८४७ साली नायट्रोग्लिसरीन पहिल्यांदा बनवलं, जिभेला थोडंसं लावून पाहिलं तर डोकं भयंकर दुखलं. छातीच्या दुखण्यावर ते चालतं हे इंग्लंडच्या विल्यम मरेल यांनी १८७९ साली छापून सांगितलं. डायनामाइट काढणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांना शेवटच्या काळात, १८९६ साली, डॉक्टरांनी हृदयासाठी तेच औषध लिहून दिलं होतं. आणि नसा सैल करण्यामागे नायट्रिक ऑक्साईड आहे हे शोधणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं.

डायनामाइटच्या कारखान्यांत कामगारांना सोमवारी डोकेदुखी व्हायची. आठवडाभर शरीराला सवय होऊन जायची, रविवारच्या सुटीत सवय तुटायची आणि सोमवारी पुन्हा डोकं धरायचं. काही कामगार म्हणे रविवारी थोडी भुकटी टोपीच्या पट्टीत ठेवायचे, सवय तुटू नये म्हणून. औषधवाले भाऊ जो रिकामा वेळ सांगून राहिले तो म्हणजे कामगारांचा तो रविवार. त्यांना तो नको होता, आपल्याला रोज रात्री हवा आहे.

औषधवाला_वरुड
गुरुजी, मी बी फार्म करताना टॉलरन्स म्हणून पाठ केलं होतं, पण गमचा बांधून अंगणात पडलेला माणूस डोळ्यांसमोर आला तेव्हा आज खरं समजलं. दुकानात सांगायला हेच सांगणार आता.

डोकेदुखीचं राहिलं होतं. सुरुवातीला बहुतेकांना होते, नसा सैल पडल्या याचीच खूण आहे ती. काही दिवसांत कमी होते, तोपर्यंत पॅरासिटामॉल चालते. डोकं दुखते म्हणून गोळी फेकून देणारे दर महिन्याला दोन-चार येतात माझ्याकडे. सहन होत नसेल तर डॉक्टर कमी डोसपासून चढवत नेतात.

आणि एक गैरसमज काढतो. नायट्रेटनं ब्लॉकेज विरघळत नाही. आयसिस-४ नावाचा मोठा अभ्यास १९९५ साली आला, अठ्ठावन्न हजारांवर हार्ट अटॅकचे पेशंट होते, त्यात मोनोनायट्रेट दिलेल्यांचे मृत्यू काही विशेष कमी झाले नाहीत. ही दुखू न देणारी गोळी आहे, काम करू देणारी. जीव वाचवायचं काम ॲस्पिरिन, स्टॅटिन, बीपी-शुगर ताब्यात ठेवणं आणि तंबाखू सोडणं करते. छाती दुखायची थांबली म्हणून त्या बाकीच्या सोडून चालत नाही.

ताडोबा_बफर
आमच्या चंद्रपूरकडचा अनुभव सांगतो. मागच्या मे महिन्यात काकाजी तेंदूपत्त्याच्या फळीवर होते, ४६ डिग्री ऊन, सकाळपासून पाणी नाही की काही नाही, आणि छातीत भरून आलं म्हणून उभ्यानंच सॉर्बिट्रेट ठेवली. दोन मिनिटांत डोळे फिरले आणि पडले, ओठ फुटला. पाय वर करून निजवलं, हळूहळू शुद्ध आली, मग दवाखान्यात बीपी ८० निघालं. डॉक्टर म्हणाले उन्हानं अंगातलं पाणी आधीच आटलेलं, त्यात गोळी. उन्हाळ्यात पाणी पीत राहा, आणि गोळी घेऊन लगेच उठू नका.

गोळ्या शर्टाच्या खिशात, ट्रॅक्टरच्या डिक्कीत, पत्र्याच्या कपाटावर ठेवू नका. आम्ही आता माठाच्या बाजूच्या कोनाड्यात ठेवतो, जाताना दोनच पट्टीसकट कापून नेतो.

आणि दारू. मोहाची असो की देशी, त्यानंही बीपी उतरते. दोन्ही एका दिवशी म्हणजे पडायचं नक्की.

सिस्टर_ताई
बीपीवरून आठवलं, हे कोणी मोकळं बोलत नाही म्हणून मीच लिहिते. ज्यांना नायट्रेट सुरू आहे त्यांनी "ताकतीची" गोळी घ्यायची नाही. सिल्डेनाफिल, टाडालाफिल. दोन्ही मिळून बीपी इतकं खाली जाते की जीव जातो. सिल्डेनाफिल घेतली असेल तर चोवीस तास आणि टाडालाफिल घेतली असेल तर अठ्ठेचाळीस तास नायट्रेट देता येत नाही, छातीत दुखलं तरी. बाजारात जडीबुटी म्हणून मिळणाऱ्या पुड्यांतही हे औषध मिसळलेलं सापडलेलं आहे, त्यामुळे "आयुर्वेदिक आहे" म्हणून निश्चिंत राहू नका. घरच्या बाईला नाही सांगायचं तर नका सांगू, पण डॉक्टरनं विचारलं तर खरं सांगा.

आणि शेजाऱ्याच्या छातीत दुखलं म्हणून आपली सॉर्बिट्रेट त्याला देऊ नका. काही हृदयाच्या दुखण्यांत, झडप आकसलेली असेल तर, ती उलटी पडते.

धुऱ्यावरची_बाभूळ
सगळ्यांचे लय लय आभार. डॉक्टरले फोन लावला, दोन दिवस लागला नाई, तिसऱ्या दिवशी लागला. त्यांनी पहिलं हेच विचारलं का दुसरी गोळी केव्हा देता. ८ ले म्हटल्यावर थोडा वेळ गप्प राह्यले आन् मंग म्हणाले, सकाळी ७, दुपारी २. पॉवर तेवढीच. आणखी एक सांगतलं जे मले माहीतच नव्हतं, ज्या कामात हमखास दुखते त्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बसून सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची. दुखल्यावरच घ्यायची असं काही नाई.

आज बारा दिवस झाले. दोनची गोळी बाबांच्या शिदोरीच्या डब्यात ठेवतो, भाकर खाल्ली का गोळी, मंग बाभळीखाली थोडं टेकणं. पहिले दोन दिवस डोकं पुन्हा दुखलं. मी घाबरलो, पण बाबाच म्हणाले, "गुरुजीच्या बापासारखं, चालू झाली गोळी." धागा वाचून दाखवला होता मी त्यांले. संध्याकाळचं दुखणं बारा दिवसांत एकच डाव आलं, तेही चढावर लवकर चालले म्हून. बसले, गोळी जिभेखाली ठेवली, मी घड्याळ लावलं, तीन मिनिटं लागले. चुन्याची डबी आईनं काढून घेतली. खर्रा दिवसाचे सहा होते ते दोनवर आले, पूर्ण सुटला नाई अजून.

गुरुजी_पुसदकर
वाचून फार समाधान वाटलं. बाबांना नमस्कार सांगा.

रोही_हैराण
मी नवीन आहे, पण माह्या बाबाचंही असंच आहे म्हून विचारतो. कळंब तालुक्यात वावर, रोही आन् डुकरं हरभरा ठेवत नाई, तं बाबा रोज रात्री जागलीले जाते, मचाणावर. त्याइलेही मोनोनायट्रेट आहे, सकाळी आन् दुपारी अशीच बरोबर देतो. पण त्याइले रात्री दुखते. चार दिवसांपासून मचाणावर नुसते बसले असले तरी दुखते. मंग रात्रीची गोळी दिली तं चालते का?

औषधवाला_वरुड
भाऊ, रिकामा वेळ रात्रीच पाहिजे असं नाही. ज्याला रात्री काम आणि रात्रीच त्रास, त्याचा टाइम डॉक्टर फिरवून देतात, रिकामे तास दिवसा झोपेच्या वेळी आणतात. पण तुमच्या बाबांचं मला टाइमचं वाटून नाही राहिलं. चालताना दुखणं वेगळं आणि चार दिवसांपासून बसल्या जागी दुखणं वेगळं. हे नवीन आहे आणि वाढतं आहे. यात गोळी मागेपुढे करत बसू नका, आजच ईसीजी काढा.

सिस्टर_ताई
औषधवाले भाऊ बरोबर सांगून राहिले. आता दुखत आहे का? असेल तर हे वाचणं सोडा आणि १०८ लावा. नसेल तर तासाभरात निघा, तारखेची वाट पाहू नका. जुने कागद, अँजिओग्राफीची सीडी, गोळ्यांच्या पट्ट्या, सगळं एका पिशवीत घाला.

रोही_हैराण
आता दुखत नाई. गाडी सांगतली, यवतमाळले निघून राह्यलो. बाबा म्हणते हरभरा कोण पाहीन. लहान भावाले मचाणावर पाठवलं.